सोवळेकाकांची फडकी

सोवळेकाकांनी घरातले देव उचलून फ्रिजवर ठेवले आणि रिकाम्या झालेल्या देवघरात लेन्स पुसायची फडकी वाळत घातली. यात नास्तिकपणा वगैरे काही नव्हता. तितका खोल विचार करायची त्यांना सवयच नव्हती. देवघराला काचेची दारं होती, ती घट्ट बसायची, आत धूळ शिरत नसे, आणि आतल्या विजेच्या बारक्या दिव्याच्या उबेने फडकी पावसाळ्यातही दमट राहत नसत. अशी मोक्याची जागा देवांनी अडवून ठेवलीय, हे त्यांना बरीच वर्षं खुपत होतं. काकू माहेरी गेल्या तेव्हा त्यांनी कारभार उरकून घेतला. काकू परत आल्या, फ्रिजवर रांगेने बसलेला बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि कुलदैवताचा टाक बघून जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं. आत नुसते घामाघूम होत होते बिचारे." त्यानंतर त्या घरात दूध काढायला गेलेल्या प्रत्येक माणसाकडून देवांना आपोआप नमस्कार घडू लागला.

काकांचं खरं नाव स्टुडिओच्या पाटीवर होतं, पण लोक पाटी न वाचताच आत यायचे. चांदवडकडच्या कांदा पिकवणाऱ्या घरातला माणूस. रविवारी मटण, बुधवारी अंडी आणि अधल्यामधल्या दिवशी कुणाच्या तरी लग्नातली जिलबी, असा त्यांचा आहार. सोवळ्याशी त्यांचा संबंध फक्त लेन्सच्या फडक्यांपुरता, पण तेवढ्यापुरता तो इतका कडक की गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, गुरुजींनी येऊन बघून जावा. हे नाव त्यांना आमच्या व्हिडिओवाल्या बबनने दिलं. काकांना ते कळलं तेव्हा ते म्हणाले, "ठेव की नाव. पण हात धुऊन ठेव."

मी सिन्नरची. वडील तिथल्याच एका कारखान्यात फिटर. कॉलेज संपल्यावर फोटोग्राफी शिकायची म्हणून नाशिकला काकांच्या स्टुडिओत लागले आणि पहिल्याच दिवशी टेबलावरचं एक मऊ फडकं उचलून चष्मा पुसायला घेतला. काका दुसऱ्या टोकाला एका आजोबांचा पासपोर्टचा फोटो काढत होते. तिथूनच आवाज आला, "ते खाली ठेव."

"चष्मा पुसतेय, काका."

"चष्मा तुझा हाय. फडकं माझं हाय. तुझ्या नाकाचं तेल काचेवर, काचेवरचं फडक्यावर, फडक्यावरचं माझ्या लेन्सवर. म्हंजी उद्या पाटलांच्या लग्नात प्रत्येक फोटोत नवरा, नवरी आन् तुझं नाक."

आजोबा बिचारे हनुवटी वर करून तसेच बसून होते. मी फडकं ठेवलं आणि चष्मा ओढणीला पुसला. "हां," काका म्हणाले. "ओढणी तुझी हाय. तिचं काय वाट्टेल ते कर." आणि मग त्यांनी आजोबांना डोळे मिटू नका म्हणून दम दिला.

फडक्यांमध्ये जाती होत्या. लेन्सच्या पुढच्या काचेला लागणाऱ्या फडक्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे दोन टाके असत. आपण डोळा लावतो त्या खिडकीच्या, म्हणजे व्ह्यूफाइंडरच्या, फडक्याला हिरवे टाके. बिनटाक्यांचं फडकं कॅमेऱ्याच्या अंगाला, बॅगेला आणि फारच प्रेम दाटून आलं तर आमच्या कपाळावरच्या घामाला. लालने कधी बॅग पुसली की ते लाल राहत नसे. त्याचे टाके उसवून त्याला खालच्या वर्गात ढकलण्यात येई. वर चढायची सोय मात्र कुणालाच नव्हती.

शिवाय फडकं हा शेवटचा उपाय. आधी रबरी फुगा दाबून हवा मारायची, मग कुंचला फिरवायचा, आणि तरी काही राहिलं तर फडकं. "धूळ असताना फडकं फिरवलं तर तू पुसत नाय, घासतीस," असं ते मला रोज सांगायचे. एकदा घाईत मी तोंडानेच फुंकर मारली. काकांनी कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लं?" मी म्हटलं, मिसळ. "मग ते लेन्सला कशाला सांगत बसलीस?"

लग्न आटपून आलो की दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी फडकी धुवायचा कार्यक्रम. कोमट पाणी, तेही बोट घालून नाही, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं बघतात तसं कोपर बुडवून बघायचं. त्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब. फडकं पिळायचं नाही, दाबायचं. फेस संपला असं वाटलं की आणखी दोनदा पाणी बदलायचं. बनियन-टॉवेलबरोबर मशीनमध्ये टाकायचं नाही, कारण सुती कपड्याचं बूर फडक्याला चिकटतं आणि मग ते बूर लेन्सवर जाऊन बसतं. इस्त्रीचं तर नावही काढायचं नाही, उन्हातही टाकायचं नाही. काकू भाजी निवडता निवडता हे सगळं बघायच्या. "माझी पैठणी ह्यांनी बोळा करून कपाटात कोंबली होती," त्या मला सांगायच्या, "आन् फडक्याला कोपरानं पाणी बघतात."

काकूंनीच एकदा घात केला. दुकानदाराने साबणाबरोबर कपड्यांना मऊपणा आणि वास आणणाऱ्या द्रवाची पुडी दिली होती. कौतुकाने त्यांनी ती फडक्यांच्या बादलीत ओतली. काका देवघर उघडून उभे राहिले, एक फडकं नाकाशी नेलं आणि खाली बसले.

"हे कोणी केलं?"

"मी. मोगऱ्याचा वास येतो ना?"

"फडक्याला वास कशाला? त्याला काय बघायला येणारेत?"

मग त्यांनी आम्हाला जमवून प्रात्यक्षिकच दाखवलं. ते फडकं एका काचेवर फिरवलं आणि काच खिडकीकडे धरली. तिच्यावर तेलकट ओढ उमटली होती, तव्यावर पोळीचं तूप फिरावं तशी. त्या द्रवाचा चिकट थर धाग्यांवर बसतो, मग ते फडकं काही टिपून घेत नाही, नुसतं सारवत बसतं, हे मला त्या दिवशी समजलं. सगळी फडकी बाद झाली. काकूंनी ती निमूट उचलली आणि त्या फडक्यांनी फ्रिजवरचे देव पुसायला लागल्या. देवांना मोगरा मानवला.

आज माझा स्वतःचा स्टुडिओ आहे आणि मीही पाणी कोपराने बघते. माझा नवरा म्हणतो की आमच्या घरात त्याच्या शर्टांपेक्षा फडक्यांना जास्त मान आहे. त्याचं म्हणणं खरं आहे. शर्ट बदलता येतो, लग्न परत लावता येत नाही, हे काकांचं वाक्य मी त्याला ऐकवते. ते त्याला आवडत नाही.

लग्न म्हणजे काकांच्या मते फडक्याच्या वाईटावर टपलेल्या माणसांचा मेळावा. हळद, गुलाल, अक्षता, धुराचं यंत्र आणि वरून फुलांच्या पाकळ्या. सिन्नरकडच्या एका लग्नात नवऱ्याच्या मावशीने काकांच्या खिशातून डोकावणारं लाल टाक्यांचं फडकं सरळ ओढून घेतलं आणि नातवाच्या तोंडाचा शिरा पुसला. पुसून झाल्यावर नीट घडी करून परत दिलं. काकांनी दोन्ही हात मागे घेतले. "ऱ्हाऊ द्या मावशी," ते म्हणाले. "आमच्याकडून आहेर समजा." मावशी खूश झाल्या. पुढच्या हंगामात त्यांनी आम्हाला आणखी दोन लग्नं मिळवून दिली.

दसरा हा त्यांचा सर्वांत अवघड सण. त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची, म्हणजे कॅमेऱ्यांना हळदकुंकू लावायचं, आणि कुंकवासारखी बारीक, उडणारी, चिकटणारी वस्तू दुसरी नाही. पूजा टाळायचीही हिंमत नव्हती. शेवटी काकांनी तोड काढली. कॅमेरे, लेन्स, फडकी सगळी आतल्या खोलीत कुलपात, आणि बाहेर मांडलेल्या कॅमेऱ्याच्या तिवईच्या तीन पायांना सगळं हळदकुंकू. एका वर्षी बबनने भक्तिभावाने एका लेन्सच्या झाकणाला कुंकवाचं बोट लावलं. काकांनी आपट्याचं पान त्याच्या हातात देऊन सोन्यासारखा राहा म्हटलं आणि लगेच पुढे म्हणाले, "आता ते झाकण घेऊन गल्लीच्या टोकाला जा, तिथं पूस, तिथंच कपडे झटक आन् मग ये."

पहिल्यांदा काहीतरी बिघडलंय असं वाटलं ते इगतपुरीला. लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं घेऊन आम्ही भर पावसाळ्यात घाटमाथ्यावर गेलो होतो. त्यांना ढगात उभं राहायचं होतं. ढगांनीही कंजुषी केली नव्हती. काका कॅमेऱ्याला डोळा लावायचे, काढायचे, हिरव्या टाक्यांच्या फडक्याने खिडकी पुसायचे, पुन्हा लावायचे. चार-पाच वेळा असं झाल्यावर नवरदेव अदबीने म्हणाला, "काका, धुकं आहे ते."

"धुकं तुला आहे," काका म्हणाले. "मला डाग दिसतोय. मधोमध." आणि वळून आम्हाला विचारलं, "फडकं कोणी धुतलं?"

बबनने धुतलं होतं. त्याने शिव्या खाल्ल्या. मी कॅमेरा हातात घेऊन खिडकीतून बघितलं, तर धुक्यात उभं असलेलं जोडपं मला अगदी स्वच्छ दिसलं. डाग कुठेच नव्हता. मी तसं म्हटलं, त्यावर काका म्हणाले, "तुला दिसत नाय म्हणूनच तर तू अजून शिकतीस."

खरा प्रकार आमच्या हळूहळू ध्यानात आला. काका फोटो काढताना डावा डोळा मिटून उजवा खिडकीला लावायचे. त्या उजव्या डोळ्याच्या मध्यभागी अंधूक ठिपका धरायला लागला होता. एरवी दोन्ही डोळे उघडे असले की डावा सांभाळून घ्यायचा. पेपर वाचता यायचा, स्कूटर चालवता यायची, पंगतीत न बोलावता कोण जेवायला बसलंय तेही लांबून दिसायचं. डाग दिसायचा तो फक्त कॅमेऱ्याला डोळा लावल्यावर. तेव्हा डाग कॅमेऱ्यावरच असणार, कॅमेऱ्यावर असेल तर फडकं वाईट, आणि फडकं वाईट असेल तर ते धुणारे आम्ही वाईट. असा त्यांचा सरळ हिशेब होता. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की उतारवयात कुणाकुणाच्या डोळ्यातल्या पडद्याचं असं होतं, लवकर आला असतात तरी फार काही करता आलं नसतं. आता तर डावाही गेल्यात जमा आहे आणि काका चांदवडला भावाजवळ राहतात. पण त्या वेळी डॉक्टरकडे जायचं तर आधी डोळ्यावर संशय यायला हवा होता, आणि त्यांचा सगळा संशय आमच्यावर होता.

मग आमच्याकडे एक रीतच पडून गेली. काकांना डाग दिसला की ते विचारणार, फडकं कोणी धुतलं, आणि आमच्यापैकी ज्याची पाळी असेल त्याने गुन्हा कबूल करायचा. "साबण राहिला वाटतं, काका." "माझा हात तेलकट होता, काका." "चुकून टॉवेलबरोबर गेलं, काका." बबन यात फारच तरबेज झाला. एकदा तर त्याने फडक्यावर वडापाव ठेवला होता असं सांगून टाकलं. त्या दिवशी आम्ही वडापाव खाल्लाच नव्हता. काका मनसोक्त ओरडायचे, फडकं पुन्हा धुतलं जायचं, आणि कॅमेरा आपला आपण फोकस करत असल्यामुळे फोटो व्यवस्थित यायचे. खरं सांगायची कुणाचीच छाती नव्हती. या माणसाला डोळा गेलाय म्हणून सांगणं म्हणजे काय, हे आम्हाला चांगलं कळत होतं.

आमच्याकडून भागेना तेव्हा त्यांनी पाण्यावर वहीम घेतला. बोअरच्या पाण्यातला क्षार फडक्यात राहतो असं ठरलं, आणि घरातलं पिण्याचं गाळलेलं पाणी फडक्यांना जाऊ लागलं. पाहुणे आले की काकू त्यांच्यापुढे माठातलं पाणी ठेवून सांगायच्या, "चांगलं पाणी फडक्यांना लागतं हो. तुम्हाला हे चालेल ना?"

हे असंच चाललं असतं, पण गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर काकांनी नटून बसलेल्या नवरीला कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाले, "ताई, तोंड धुऊन या. गालाला काळं लागलंय." पार्लरवाली बाई सकाळपासून त्या गालांवर राबली होती. ती हातातला ब्रश घेऊन पुढे आली. नवरीने आरसा मागवला, आरशात काही दिसेना, तरी लग्नाच्या दिवशी कुणी असं बोललं म्हणून ती रडायला लागली, आणि मग काजळ ओघळून खरोखरच गालाला काळं लागलं. "बघा," काका म्हणाले. "म्हणलं नव्हतं?" बबनने मध्ये पडून सगळा दोष फडक्यावर आणि स्वतःवर घेतला, तेव्हा ती बाई मागे हटली. परतताना गाडीत काका फडकं उजेडाकडे धरून बघत होते. मला हसू आलं नाही, एरवी मी आठवडाभर हसले असते.

आणि नेमकं त्याच सुमारास स्नेहलचं लग्न ठरलं. स्नेहल म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी, पुण्याला नोकरी करायची. तिचं लग्न आपण स्वतः काढायचं हे काकांनी ती पाळण्यात असल्यापासून ठरवून ठेवलं होतं. "दुनियेची लग्नं काढली," ते म्हणायचे. "एक आपलं काढायचं ऱ्हायलंय. ते झालं की कॅमेरा गंगेत सोडीन." स्नेहलला ते नको होतं. ती स्टुडिओत येऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "माझ्या एका वाढदिवसाच्या फोटोत पप्पा नाहीत गं. गॅदरिंगच्या नाहीत, दहावीच्या पेढ्यांच्या नाहीत. कायम समोर उभे. लग्नात तरी ते मला शेजारी हवेत."

तिने काकांना सांगून बघितलं. "मंग फोटो कोण काढील?" काका म्हणाले. "ही वैशाली आन् हा बबन? साधं फडकं धुता येत नाय त्यांना." इतके दिवस आम्ही दिलेले कबुलीजबाब असे आमच्याच अंगावर आले. काकांना पोरीचं लग्न आपल्या डोळ्यांनी टिपायचं होतं, आणि तो डोळा तर राहिलाच नव्हता. हे त्यांना सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं. काय होणार या काळजीने काकूंची झोप उडाली.

काकूंनी गोड बोलून त्यांना एकदा डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवण्याआधी काकांनी विचारलं, ही काच कशाने पुसता? तिथल्या पोराने खिशातून रुमाल काढून दाखवला. काका उठले आणि सरळ घरी आले. "पेपर वाचता येतो ना मला?" ते काकूंना म्हणाले. "मंग? डोळ्याला काय धाड भरलीय?" मीही एकदा धीर करून सुचवलं, काका, डाव्या डोळ्याने बघा ना एकदा. ते म्हणाले, "डाव्यानं बघायचं तर नाक मधी येतं. माझं नाक बघितलंस का केवढं हाय?" नाक खरोखरच मोठं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीची गडबड सुरू व्हायच्या आधी, त्यांनी आम्हाला दोघांनाही फडक्यांना हात लावू दिला नाही. एक नवं कोरं फडकं काढलं, स्वतः त्याला हिरवे टाके घातले, स्वतः पाणी कोमट केलं, स्वतः धुतलं. देवघराच्या दारांना सुतळी बांधून ठेवली. वाळल्यावर ते एका स्टीलच्या बारक्या डब्यात घातलं, डबा सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि खिशाला पिन लावली. हळदीला आलेल्या आत्याबाईंनी विचारलं, दागिने आहेत का? "त्याच्याहून भारी," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लॉन्सवर वधूपक्षाच्या खोलीत स्नेहल पिवळी साडी नेसून गौरीहराशी बसली होती. मुहूर्ताला वेळ होता. मंडपात पाहुणे जमत होते, खोलीत आम्ही मोजकीच माणसं. काकू, बबन, मी, आणि दाराशी दोन म्हाताऱ्या बायका. पाटावर बसून अन्नपूर्णेवर चिमूट चिमूट तांदूळ वाहणारी मुलगी हा काकांचा आवडता फोटो. प्रत्येक लग्नात तो ते स्वतः काढायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. डोक्याला फेटा, गळ्यात कॅमेरा, अशा थाटात ते आत आले, एक गुडघा टेकून बसले आणि डोळा लावला.

मग त्यांनी कॅमेरा खाली घेतला. पिन काढली, डबा उघडला, आधी फुग्याने हवा मारली, मग कुंचला फिरवला, मग फडकं. काही गाळलं नाही. पुन्हा डोळा लावला. आता त्यांनी कॅमेरा स्नेहलवरून हळूहळू अन्नपूर्णेवर नेला, तिथून भिंतीवर, भिंतीवरून काकूंवर आणि परत स्नेहलवर. त्यांना काय दिसत होतं ते आम्हाला कळत होतं. बघतील तिकडे तो डाग त्यांच्या पुढे पुढे जात होता. पुन्हा पुसलं. पुन्हा तेच.

बबनने सवयीने पुढे होऊन गुन्हा कबूल केला. "काका, माझं चुकलं. सकाळी मीच हात लावला फडक्याला."

"नाय लावला," काका शांतपणे म्हणाले. "डबा माझ्या खिशात होता."

त्यांनी उजवा डोळा मिटला आणि डावा लावला. फेटा सरकला, नाक आडवं आलं, तरी ते तसेच बसले. मग उजवा लावला. मग परत डावा. स्नेहलने तांदूळ वाहायचे थांबवले होते. बाहेर स्पीकरवर सनई चालू होती आणि कुणीतरी नवरदेवाच्या गाडीसाठी फुलं मागत होतं.

"फडकं स्वच्छ हाय," काका म्हणाले.

आम्हाला या माणसाने इतक्या वर्षांत एकदाही फडकं स्वच्छ आहे असं म्हटलं नव्हतं. मला वाटलं, यांनी आता ओरडावं, आमचा उद्धार करावा, कॅमेरा आपटावा, पण हे म्हणू नये. बबन, एवढा आडदांड माणूस, भिंतीकडे तोंड करून केबल गुंडाळायला लागला.

"डाव्यानं काढा की मग," काकू हळूच म्हणाल्या.

"डाव्यानं शिकेस्तोवर हिला दोन पोरं व्हतील."

स्नेहल हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. तिच्या काजळाची कुणी पर्वा केली नाही. काका उठले. गळ्यातला पट्टा काढताना तो फेट्याच्या शेमल्यात अडकला, काकूंनी पुढे होऊन सोडवला. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला, त्यावर स्टीलचा डबा ठेवला. "धर. उजेड डावीकडून हाय. तांदूळ फार पांढरे येतील, बघ." एवढं नेहमीच्या आवाजात सांगितलं आणि मग ते खोलीच्या मध्यभागी उभे राहिले. हात आधी मागे बांधले, मग पुढे घेतले, मग सदऱ्याच्या खिशात घातले आणि परत काढले. नवरदेवांना, रुसलेल्या मामांना, सगळ्या आत्यांना आणि सगळ्या साडूंना हा माणूस जन्मभर जागा दाखवत आला होता.

"आता मी कुठं उभा ऱ्हाऊ?" त्यांनी मला विचारलं.

स्नेहलने पाटाशेजारची फुलांची परडी उचलून बाजूला ठेवली.

"उभं नका राहू पप्पा. इथं बसा."

नव्या कपड्यांनिशी ते तिच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. पाठ ताठ, हनुवटी वर, पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या माणसासारखे. हातांचं काय करायचं ते त्यांना अजून समजत नव्हतं. स्नेहलने ते दोन्ही हात धरून आपल्या मांडीवर ठेवले, आणि मी फोटो काढला.